नॉटपेड पत्र दारापर्यंत नेणारे आबा

सागवानी फळ्यांचं बेचाळीस खणांचं कपाट, एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा पाडून. जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार सोडवून, मोजून, पुन्हा गुंडाळून केलेला बॅटरी चार्जर. पत्र्याच्या ट्रंकेत बसवलेला दोन पंख्यांचा संगणक, जो सोमाटण्याच्या घरात आज सातवं वर्ष चालू आहे. आणि त्या संगणकावर चालणारा, ईमेलमधला कचरा अडवणारा आपला टपालनाका. आदरणीय यशवंतराव ओव्हाळ, म्हणजे आपले आबा, यांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंपैकी या चार मी उघडून, तपासून पाहिल्या आहेत. बाकीच्या ऐकीव आहेत, म्हणून लिहीत नाही.

आबा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरव अंकासाठी लेख द्या, असं आपल्या होमस्टेचालक संघाने सांगितलं तेव्हा आनंद झाला आणि काळजीही वाटली. पुढच्या महिन्यातल्या सभेत टपालनाका चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरणार आहे. आबांच्या हातांना कंप सुटला आहे. देखरेख हळूहळू माझ्याकडे येते आहे. सकाळी चहाच्या आधी मी मोबाइलवर नाका चालू आहे ना ते पाहतो, आणि चहा झाल्यावर पुन्हा पाहतो.

आबांची पहिली भेट माझ्या लोणावळ्याच्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. मी कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. जे येतं ते उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. आबा तेव्हा नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी पत्रं लावण्यात गेलेली. त्यांना दोन अँपिअरचा फ्यूज हवा होता. माझ्याकडे अडीचचा होता. ‘चालतो,’ म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी ते तो कागदात गुंडाळून परत घेऊन आले.

“भाऊ, चालतोय ते मला बी ठावं हाय. पन वितळायला पायजे तवा वितळंल का?”

माझ्यापेक्षा काटेकोर माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. त्यांना मी गुरू मानतो, ते तेव्हापासून.

टपालनाक्याचा विचार आबांचाच. त्या काळात आपल्या सभासदांच्या ईमेलमध्ये बनावट बुकिंग, लॉटऱ्या आणि औषधांच्या जाहिराती यांचा नुसता खच पडायचा, आणि शाळेच्या सहलीचं खरं बुकिंग त्याखाली गाडलं जायचं. आबांचं म्हणणं सरळ होतं: पत्राला तिकीट लागतं, ईमेलला लागत नाही, म्हणून कचरा येतो. तेव्हा अनोळखी माणसाचा ईमेल नाक्याने थांबवायचा आणि त्याच्याकडे एक रुपयाचं तिकीट मागायचं. तो रुपया नाक्याला नाही, ज्याला पत्र आलं त्याला मिळणार. पत्र कामाचं निघालं, तर एक बटण दाबून रुपया परत.

सभेत कार्ल्याच्या एका सभासदाने टोला मारला, “आबा, उर्शाला टोल भरून दमलो. आता ईमेललाबी टोल?”

आबा शांतपणे म्हणाले, “एका पत्राला रुपाया कुनाला जड न्हाई. लाख पत्रं टाकनाऱ्याला लाख रुपये जड हाईत. टोल तुला न्हाई, त्येला हाय. आन् तुला आलेल्या पत्राचा रुपाया तुझ्याच खिशात.”

“मग येऊ द्या की कचरा,” तो म्हणाला, आणि सभेत पहिल्यांदा हशा पिकला.

आता मला जे लिहायचं आहे ते जड आहे. आबांच्या मूळ नियमात बिनतिकिटाचं पत्र माघारी जात नसे. नाक्यात पडून राही, आणि संध्याकाळी सभासदाला चिठ्ठी जाई की अमक्याचं पत्र आलं आहे, तिकीट नाही, हवं का? पोस्टात पूर्वी नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेलं, पत्र असंच दारापर्यंत नेत. काही सभासद माझ्याकडे कुरकुरले की या चिठ्ठ्यांचाच आता त्रास होतो. मी आबांना न विचारता नियम बदलला. परदेशातून आलेलं बिनतिकिटाचं पत्र थेट परत. चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. मी खूश होतो.

मळवलीच्या सुमनमावशी आपल्या सभासद; त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. त्याचं जहाज अशा समुद्रात होतं, जिथे जहाजांवर हल्ले होत असल्याच्या बातम्या येत होत्या. फोन बंद, फक्त जहाजाच्या सामाईक ईमेलवरून चार ओळी लिहायची मुभा. मावशी रोज माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसत आणि मोबाइल पुढे करत.

“भाऊ, यंत्र बिगाडलंय का बघा की.”

“मावशी, मोबाइल चांगला आहे. तुम्ही त्या बातम्या बघू नका.”

“बघत न्हाई. पन कानावर येतंय नव्हं.”

असे नऊ दिवस. मी रोज मोबाइल तपासला. नाका तपासायचं माझ्या डोक्यात आलं नाही. नवव्या दिवशी आबा दुकानात आले, मावशींचा चेहरा पाहिला, आणि माझ्याच संगणकावर नाक्याची नोंद उघडून बसले. जहाजाच्या पत्त्यावरून चार पत्रं आली होती. चारही परत गेली होती, आणि जहाजाच्या सामाईक खात्यात ती कुणी पाहिली नसावीत. आपण रुपया मागतो तो मोबाइलवरून. भर समुद्रातल्या परदेशी जहाजावरून तो कोण आणि कसा भरणार?

आबांनी तो पत्ता नाक्यात ओळखीचा करून घेतला आणि त्यावर स्वतः पत्र लिहिलं. सकाळचे दहा वाजले होते. मावशी स्टुलावर, आबा बाकावर, आणि मी हातात पाना धरून नुसता उभा. चार वाजता उत्तर आलं. पोरगा सुखरूप होता. त्याने लिहिलं होतं, ‘आई, चार पत्रं टाकली. तू उत्तर का देत नाहीस?’

मावशी गेल्यावर आबा एवढंच म्हणाले, “भाऊ, तिकीट न्हाई म्हनून पत्र माघारी धाडायचं नसतंय. आदी दारात न्यायचं. घ्यायचं का न्हाई, ते ज्याचं त्यो ठरवंल.”

दुसऱ्या दिवशी ते एकटे मळवलीला गेले आणि मावशींना म्हणाले, “नाका माझा, चूक माझी.” मावशींनी मला नंतर सांगितलं की त्यांनी आबांना चहा दिला आणि म्हटलं, “झालं ते झालं, आबा. पन पुन्हा माझ्या पोराला भाईर उभं करू नका.” पुढच्या सभेतही आबांनी ‘नाका माझा, चूक माझी’ हेच वाक्य उभं राहून सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि गप्प राहिलो. म्हणून आज छापील अक्षरांत सांगतो: नियम मी बदलला होता. चूक माझी होती.

चिठ्ठ्या पोराचं उत्तर आलं त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाल्या. पण माझी धाकधूक गेलेली नाही. आबा शेजारी नसताना असंच काही माझ्या हातून झालं, तर ते नवव्या दिवशी तरी कोण पाहील? त्यामुळे माझ्या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. आबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या हातांचा कंप उतरो, चष्म्याचा नंबर आहे तिथेच थांबो, आणि माझ्या चुका ते अजून खूप वर्षं पकडत राहोत.

एक गोष्ट कुणाला सांगू नका, असं आबांनी बजावलं होतं. तरी सांगतो, कारण हा अंक सभेच्या आधी आपल्या हातात पडेल आणि सभासदांनी सगळं माहीत असताना हात वर करावा. गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका जाहिरात कंपनीचे दोघे जण सोमाटण्याला आबांच्या घरी आले होते. मी तिथे होतो. त्यांच्या जाहिराती आपल्या एकशे अठरा सभासदांना बिनतिकिटाच्या सोडायच्या, आणि त्याबद्दल आबांना एकरकमी पैसे. आबा म्हणाले, “तिकिटाचा रुपाया ज्याचं पत्र त्येचा. माझा न्हाई, तवा मी त्यो इकू कसा?” त्या पैशात नवा संगणक आला असता, नाका आणखी वीस वर्षं चालला असता, असं काहींना वाटेल. त्यांनी रागवायचं तर हे सांगणाऱ्या माझ्यावर रागवावं. देऊ केलेली रक्कम साडेचौदा लाख रुपये होती. आबांनी ती नाकारली.