आभारदौरा

राजाभाऊ साळुंखे यांनी शारजात सतरा वर्षं राजकारण केलं. शारजात कसलं आलंय राजकारण, असं ज्याला वाटेल तो मराठी मंडळाच्या सभेला कधी बसलेला नसणार. गणपतीत प्रसादाच्या रांगेला शिस्त लावण्यापासून त्यांनी सुरुवात केली. मग माइकवरून आडव्या लावलेल्या गाड्यांचे नंबर पुकारायला लागले, मग सहचिटणीस झाले आणि तिथंच अडकले. अध्यक्ष नेहमी ‘सर्वानुमते’ ठरायचा. ते सर्वानुमत कोणाच्या तरी हॉलमध्ये चहाबरोबर तयार व्हायचं आणि त्या चहाला राजाभाऊंना नेमकं बोलावणं नसायचं.

यंदा मात्र ते इरेला पेटले. एप्रिलमध्ये साठी, साठीला नोकरी खलास आणि नोकरीबरोबर व्हिसाही. बायकोनं, म्हणजे अनुपमानं, कराडच्या फ्लॅटसाठी पडदेसुद्धा शिवून घेतले होते. “यंदाचा गणपती मी आपल्या घरी बसवणार,” असं तिनं सांगून टाकलं होतं.

“अध्यक्ष झालो तर दोन वर्षं थांबावं लागेल,” राजाभाऊ म्हणाले. “निनाद करेल आपला व्हिसा.” निनाद हा त्यांचा मुलगा, दुबईत नोकरीला.

अनुपमा काही बोलली नाही. ती गप्प बसली की होकार आहे असं राजाभाऊ धरून चालत. पस्तीस वर्षं त्यांचं हे असंच चाललं होतं.

राजाभाऊंच्या हट्टापायी मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा गुप्त मतदान झालं. मिठाईच्या खोक्यात चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या पडल्या. समोर उभ्या असलेल्या सुजीत देवधरला पासष्ट आणि राजाभाऊंना नऊ.

दुसऱ्या दिवशी ते पडलेल्या चेहऱ्यानं कामावर गेले. औद्योगिक भागातल्या एका तैवानी गोदामात ते स्टोअर सांभाळायचे. लेथ मशीनचे सुटे भाग तिथून सगळ्या अमिरातीत जात. गोदामाचे मॅनेजर कुओसाहेब. या माणसाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला. तैवानमध्ये ताइचुंगजवळच्या एका गावात कुओसाहेब आठ वर्षं वॉर्डाचे निवडून आलेले प्रमुख होते. आठ वर्षं त्यांनी विझलेले दिवे लावून घेतले, तुंबलेली गटारं काढून घेतली, हरवलेली कुत्री शोधली. वॉर्डातलं एकही लग्न आणि एकही मयत त्यांनी सोडलं नाही. ज्या म्हाताऱ्याला जिवंतपणी ओळखत नव्हते त्याच्या फोटोपुढेही कमरेत वाकून आले. एवढं करून तिसऱ्या निवडणुकीत सतरा मतांनी पडले, तेही एका टायरवाल्याकडून. मग मेव्हण्यानं त्यांना इकडे गोदामावर आणलं. गल्फमध्ये आलेला प्रत्येक जण कशात तरी पडूनच आलेला असतो, असं राजाभाऊंचं मत होतं.

“राजा, इलेक्शन हार गया?” कुओसाहेबांनी विचारलं.

“नऊ वोट मिला, सर.”

“थँक यू बोला?”

“किसको?”

“सबको. हर घर.” हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुओसाहेब स्वतः छोट्या ट्रकवर उभे राहिले होते. भोंगा घेऊन गल्लोगल्ली आभार मानत फिरले होते. त्यांच्याकडे जिंकणारा फिरतो तसा पडलेलाही फिरतो. “विनर का थँक यू ईझी है, हबीबी. लूझर का थँक यू लोग याद रखता है.”

राजाभाऊ चाटच पडले. आपल्याकडे पडलेला उमेदवार आधी आजारी पडतो आणि बरा झाला की पक्ष बदलतो. आभार? पण कल्पना त्यांच्या डोक्यात बसली. त्या शुक्रवारी इस्त्रीचा झब्बा घालून ते दौऱ्यावर निघाले. “मीही येऊ का?” असं अनुपमानं विचारलं नाही आणि त्यांनीही “चल” म्हटलं नाही.

पहिल्याच घरी रुपेश आणि शर्वाणी यांनी त्यांना दारातच धरलं. “राजाभाऊ, आमची दोन्ही मतं तुम्हालाच होती हो! आईशप्पथ.”

“बट मम्मा, यू सेड सुजीत अंकल,” सोफ्यावरून त्यांची मुलगी आभा म्हणाली.

“तू आत जा, होमवर्क कर,” शर्वाणी म्हणाली आणि राजाभाऊंच्या पुढ्यात चकलीची बशी आली.

प्रत्येक घरी हेच. पडलेला माणूस आभार मानायला दारात उभा असताना ‘मी तुम्हाला मत दिलं नाही’ असं म्हणायची छाती कोणाची असणार? चार शुक्रवारांत अडतीस घरं झाली. राजाभाऊ वहीत मतं मांडत गेले, तर ती सत्तरच्या वर गेली. अडतिसावं घर खुद्द सुजीतचं. तो तर त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, “खरं सांगू? माझं स्वतःचं मतसुद्धा तुम्हालाच होतं.”

आता ही गोष्ट राजाभाऊंनी पोटात ठेवायची. पण सतरा वर्षांच्या राजकारण्याला ते जमतं होय? मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी घरानुसार सगळ्यांचे जाहीर आभार मानले, मतांच्या आकड्यांसकट.

मग रण माजलं. एवढी मतं राजाभाऊंना, तर सुजीतला दिली कोणी? मतमोजणी चिटणीस वैभवीनं केली होती आणि चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकल्या होत्या. लोक तिच्याकडे तिरप्या नजरेनं बघायला लागले. ज्यांनी चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं ‘सुजीत’ लिहिलं होतं, तेच तावातावानं पारदर्शकता मागू लागले. वैभवी भडकली. “यल्ला, चला, परत मतदान घेऊ. आणि या वेळी हात वर करून!”

सभा एका रेस्टॉरंटच्या पार्टी हॉलमध्ये भरली. हॉल बुक करण्यापासून चपला राखण्यापर्यंत सगळं अध्यक्षाच्याच गळ्यात पडतं हे एव्हाना सुजीतला कळलं होतं, त्यामुळे राजाभाऊंचं नाव पुकारताच त्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला. त्याच्यामागून रुपेशचा, शर्वाणीचा, सगळ्यांचा गेला. दिलेला शब्द सगळ्यांच्या फोनमध्ये होता, हात खाली ठेवणार कसा? राजाभाऊ व्यासपीठावरून ते हातांचं रान डोळे भरून बघत होते. सतरा वर्षं ज्यासाठी पायपीट केली ते समोर उभं होतं.

“सर्वानुमते!” वैभवी म्हणाली आणि थबकली. “वहिनी, तुमचा हात?”

अनुपमाचे दोन्ही हात मांडीवर होते. “मी यांना मत दिलं नव्हतं,” ती शांतपणे म्हणाली. “तेव्हाही नाही, आताही नाही. मला घरी जायचंय.”

हॉलमध्ये हशा पिकला. वहिनी काय पण चेष्टा करतात! राजाभाऊ मात्र हसले नाहीत. सतरा वर्षांत कोणी कोणाला मत दिलं हे त्यांना पहिल्यांदाच खात्रीनं कळलं होतं. अडतीस उंबरे झिजवून त्यांनी आभार मानले होते. एकोणचाळिसाव्या घरी जाऊन त्यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं, आणि त्या घरात तर ते राहत होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते माइकपाशी गेले. भाषण पाठ होतं, ते त्यांनी केलं नाही. “अध्यक्ष सुजीतच राहू दे,” ते म्हणाले. “मला नऊच मतं होती आणि ती पुष्कळ झाली. आम्ही एप्रिलमध्ये चाललोय.”

आपल्या थापा आता कोणी तपासणार नाही हे ध्यानात येताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात त्यांना इतक्या मनापासून टाळ्या पडल्या नव्हत्या. सुजीत तेवढा कपाळाला हात लावून बसला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत अनुपमाही होती आणि ते बघून राजाभाऊंना भर सभेत रडू फुटलं.