गोळी जोखणारा महांतप्पा

बेंबळीच्या महांतप्पाचा धंदा काटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानाची तागडी असो की सराफाचा नाजूक काटा, दांडी सरळ होऊन येई ती त्याच्याच ओट्यावरून. माणूस काय सांगतो याच्यापेक्षा पारडं काय सांगतं, यावर त्याचा भरवसा.

गेल्या साली त्याच्या छातीत कळ आली. धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणाले आणि रोज एक गोळी लिहून दिली, कायमची. नावाजलेल्या कंपनीची गोळी. दहाचं पाकीट अडीचशेला. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून महांतप्पाचं काम आटलेलं. दोन महिन्यांतच तो दिवसाआड गोळी घ्यायला लागला. बायकोला, शांताक्काला, बोलला नाही. गोळी चुकवलेल्या दिवशी बाजारातून येताना तो मधेच थांबायचा आणि स्वतःचं काळीज ऐकत उभा राहायचा.

फेरतपासणीत आकडा वरच होता. "काका, रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. महांतप्पा फरशीकडं बघत राहिला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव काढून औषधाचं मूळ नाव लिहिलं. "हेच औषध जेनेरिकच्या दुकानात स्वस्त मिळतं. पैसे तिथं वाचवा. गोळी चुकवून वाचवू नका."

दुकानातल्या चारुशीलाताईंनी पाकीट दिलं. तीस रुपये. महांतप्पाला आनंद व्हायला हवा होता. त्याला धास्तीच वाटली. इतक्या स्वस्तात देतात म्हणजे काहीतरी कमी घातलं असणार.

घरी येऊन त्यानं सराफी काटा मांडला. एका पारड्यात कंपनीच्या उरलेल्या गोळ्यांतल्या दोन, दुसऱ्यात नव्या दोन. दांडी हलली, थरथरली आणि कंपनीकडं झुकली. पारडी बदलून बघितलं. तेच.

"काय जोखताव?" शांताक्का दारातून म्हणाली.

"औषध. हलकं भरलंय."

मग सगळंच सांगावं लागलं, दिवसाआडचंसुद्धा. "माझ्यापासून चोरून गोळ्या चुकवल्याव. तवा काटा कुठं गेलता?" ती म्हणाली. "उद्या हा काटा घेऊन त्या बाईम्होरं बसा. तवर ती जुनी घ्या. आत्ता, माझ्या म्होरं."

दुसऱ्या दिवशी जेनेरिकच्या दुकानात, काउंटरवर, महांतप्पानं पुन्हा जोखून दाखवलं. चारुशीलाताई वाकून बघत होत्या.

"काका, ह्या अख्ख्या गोळीत औषध फक्त दहा मिलिग्रॅम. दोन्हीत तेवढंच. बाकी नुसती भर असते, गोळी हातात धरता यावी म्हणून. ज्याची त्याची भर वेगळी."

"ताई, म्या बेचाळीस वर्षं काटे बघतोय."

"मग अजून एक बघा." त्या शेजारच्या मेडिकलमधून दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचं, तेवढ्याच ताकदीचं पाकीट घेऊन आल्या. महांतप्पानं तिसरी जोडी पारड्यात ठेवली. ती पहिल्या कंपनीपेक्षाही जड भरली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "ह्या दोन मोठ्या कंपन्यांतल्या कुणी वजनात दांडी मारली?"

महांतप्पानं गोळ्या पारड्यांतून काढल्या. जन्मभर त्यानं जोखलं ते आतबाहेर एकच होतं. ज्वारी सगळी ज्वारीच, गूळ सगळा गूळच. इथं कामाचा तेवढा एक कण, आणि तो कुठल्याच पारड्याला दिसणार नाही. काटा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं होतं तेच चुकीचं. त्यानं काटा पिशवीत ठेवला आणि तीन महिन्यांच्या गोळ्या मागितल्या.

त्या तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. जेवण झालं की शांताक्का पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची.

परवा रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्टवरून चौऱ्याऐंशीवर उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. हीच चालू ठेवायची." महांतप्पानं बाहेर येऊन पायरीवर बसत फोन लावला.

"किती?" शांताक्कानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"चौऱ्याऐंशी. निम्म्यावर आलंय."

पलीकडं तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतीस का काय?"

"न्हाय, कांदा चिरतेय. या बिगीबिगी."

त्याला उठायची घाई नव्हती. एक बस गेली, दुसरी गेली. महांतप्पा तिथंच उन्हात बसून राहिला, छातीकडं कान न देता.