दोन ठिपके

माझी बायको यीस्टचे अडलेले संसार मार्गी लावते. हे मी पाहुण्यांना सांगितलं की निम्मे तिला वकील समजतात.

तिच्या यीस्टमधला पेशी विभागणारा जीन बिघडलेला आहे. छत्तीस अंशांवर ठेवलं की ते विभागत नाही, नुसतं लांबत जातं, अबू धाबीच्या हायवेसारखं. मग ती त्यात माणसाच्या जीन्सचे तुकडे सोडते. एखादं यीस्ट पुन्हा विभागू लागलं, की त्या तुकड्याने बिघडलेल्याचं काम उचललं असं समजायचं. आपल्या शरीरातही तो बहुधा हेच काम करतो.

इतके महिने लॅबमधल्या तिच्या बश्या कोऱ्याच निघत होत्या, एकीतही वाढलेल्या यीस्टचा ठिपका उठला नव्हता. मायक्रोस्कोप विकायची एक नोकरी तिला चालून आली होती. ही शेवटची बशीही कोरी निघाली तर सोमवारी हो म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं.

आमच्याकडे शनिवारी वडापाव. पाव घरचाच, कारण दुकानातला म्हणजे उशी. आमच्या पावाचा वास दुबईतल्या अल कुसैसहून शारजाच्या सिग्नलपर्यंत जातो, गाड्या हिरव्यावर थांबतात. आदल्या शनिवारी यीस्ट घातलेलं पीठ मळून ती तडक लॅबला गेली होती आणि त्याच हातांनी ही बशी लावली होती.

या शनिवारी मी तिला गाडीने सोडायला गेलो. बशीत दोन ठिपके होते. मी ओरडणारच होतो, तिने हाताने थांबवलं.

पहिला ठिपका मायक्रोस्कोपखाली गेला. गोल पेशी, अंगाला फुगे फुटलेले. तिचं यीस्ट कांडीसारखं असतं, बरोबर मध्ये तुटतं.

"हा आपला पाव आहे," ती म्हणाली.

"आणि दुसरा?"

तिने बराच वेळ पाहिलं, मग मला जागा दिली. आखूड कांड्या, आणि एकीच्या पोटात आडवी रेघ पडलेली. माणसातला कुठलासा तुकडा तिथे बसून ती कांडी दोन करत होता. माझ्याही अंगात या क्षणी हेच चाललं असणार, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. मी गप्प उभा राहिलो. नंतर करामातल्या मित्रांना हे सांगितलं. त्यांचा जीनवर विश्वास बसला, माझ्या गप्प राहण्यावर नाही.

"परत करून बघावं लागेल," ती म्हणाली. "लॅबच्या साहेबांना दोन्ही ठिपके दाखवते. पाववालासुद्धा."

"आणि सोमवार?"

"मायक्रोस्कोपवाल्यांना नको म्हणून कळवते," म्हणत तिने नवी बशी काढली, आणि आधी कोपरापर्यंत हात धुवायला गेली.