गोळी कुठं थांबेल

आबांची बंदूक दुनळी. ठाकुर्लीच्या पलीकडे आमची भातशेती होती, पिकात रानडुकरं शिरायची, म्हणून परवाना आबांच्या नावावर. पण मनाने माझे वडील हरणांचे शिकारी. शिकारबंदीच्या आधी गावचे लोक मलंगगडाकडे रान झोडपत, हाका घालून भेकर उठवायचे. निघण्यापूर्वी आबा दोन काडतुसं माझ्या तळहातांवर ठेवत. एकात छरे, दुसऱ्यात बॉल, म्हणजे एकच जाड गोळी.

"आज कंचा?" ते विचारत.

मुलीच्या हातून शकुन घेतात, असं आईला वाटायचं. खरं तर ते मला शिकवत होते. छरे लांब जात नाहीत. बॉल जातो, आणि वाटेत कोण आहे ते बघत नाही. म्हणून भेकराच्या मागे डोंगराचा कडा असेल तरच बॉल. "गोली कयं थांबल ता पयले बगाचा, मंग जनावर." एकदा भेकर अगदी समोर उभं राहिलं, पण मागच्या झाडीत हाकेवाल्याचं मुंडासं दिसलं, म्हणून आबांनी घोडा ओढला नाही. गावाने पुढचा सगळा उन्हाळा टिंगल केली. आबांनी ती मजेत ऐकून घेतली.

बंदी आली तशी त्यांनी शिकार सोडली ती कायमची. बंदूक उरली दसऱ्याच्या पूजेपुरती. शेतावर टॉवर उभे राहिले आणि माझा धाकटा भाऊ शेठ झाला. अंगठ्या, पांढरी गाडी, वाढदिवसाचे बॅनर, सगळं आलं. अक्कल तेवढी यायची राहिली. आता त्याला नगरसेवकाचं तिकीट हवं होतं.

त्याच्या मुलाच्या हळदीला मी माझ्या घरून, वर्तकनगरहून गेले होते. डीजेने कान किटले होते. आबांना मी पंगतीत माझ्याशेजारी बसवलं होतं. मित्रांसमोर रुबाब दाखवायला भावाने आबांच्या उशीखालून किल्ली काढली, बंदुकीचं कपाट उघडलं आणि खणातलं हाताला लागलं ते काडतूस उचललं. मांडवाबाहेर आवाज झाला. आबांचा घास हातातच राहिला. बाहेर गेलो तर बंदूक भावाच्या हातात, आणि पोरं शिट्ट्या मारतायत.

खणात फक्त बॉल होते. शेजारच्या टॉवरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि सोसायटीने तक्रार केली.

सकाळी भाऊ आबांसमोर हात जोडून बसला. "आबा, माझं नाव आलं तर तिकीट गेलं. परवाना तुमचाच हाय. तुमच्या वयाला कोन काय करनार?"

"अरे, लाज नाही वाटत तुला?" मी म्हणाले. "मी सांगते पोलिसांना, कोणी उडवली ते!"

आबांनी माझं मनगट धरलं. "तू गप ऱ्हा, बाय. पोर हाय तो माजा."

पोलीस ठाण्यात साहेबांनी आबांना खुर्ची दिली, चहा मागवला. ते गृहस्थ अदबीने बोलत होते, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"बाबा, नळीत काय होतं?"

आबांनी भावाकडे बघितलं. भाऊ मोबाइलमध्ये बघत होता.

"बॉल," आबा म्हणाले.

"बॉल? हवेत? एवढ्या माणसांत? अहो, तुम्ही जुने शिकारी ना?"

"चुकी झाली, सायेब."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मुलासाठी खोटं बोलणं आबांना जमलं असतं, बाप होते ते. पण हे असलं खोटं? गोळी कुठं थांबेल ते न बघता बार काढणारा मूर्ख मीच, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

गाडीत आबांनी एवढंच विचारलं, "टाकीपाशी कोन नव्हता ना?"

"नवी टाकी बसवून देतोय ना आबा, विषय संपला," भाऊ म्हणाला.

बंदूक जप्त झाली, परवाना गेला. दसऱ्याला पाटावर ती जागा मोकळीच राहिली. दिवाळीनंतर आबा गेले. भावाला तिकीट मिळालं.

दहाव्याला मांडव माणसांनी भरला होता. भावाच्या पक्षातला एक जण मोठ्याने सांगत होता, "काय हौशी म्हातारा! नातवाच्या हळदीत स्वतः बार काढला!" सगळे हसले. भावानेही डोळे पुसत मान डोलावली.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "आबांनी हवेत बॉल कधी उडवला नसता."

"आत्याला फार लागलंय," भावाची सून म्हणाली, आणि मला हाताला धरून आत घेऊन गेली.