आम्ही खोल केलेल्या विहिरी

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. सातवीतच शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण विहिरी खोदणाऱ्या टोळीत एक दुष्काळी उन्हाळा काढला की किस्से साठतातच. काठावर दगडांचा ढीग वाढतो, तसेच हे! बहात्तरचा पाऊस गेला आणि कर्जतकडे जो तो विहीर खोल करायला आम्हाला बोलावू लागला. माझ्या अक्काची, थोरल्या बहिणीची, विहीर तेवढी टिकून होती. तिच्यावर घरची चार माणसं आणि दोन म्हशी जगत होत्या. माझा जीव त्या पाण्यात अडकलेला.

*

आमचे मुकादम रामभाऊ. पाणी लागलं की पहिला तांब्या मालकाला नाही, शेजारच्या शेतकऱ्याला द्यायची त्यांची रीत. कुणाच्या मनात राग राहू नये म्हणून. अशाच एका शेजारच्या म्हाताऱ्याने तांब्या उभ्या उभ्या रिकामा केला, मिशा पुसल्या.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "माझ्याच हिरीतलं दिसतंय!"

सगळे हसले. आठवड्यात त्याची विहीर आटली.

*

दोन भाऊ, मधे एक बांध. थोरल्याची विहीर खोल केली, तर धाकट्याची आटली. धाकट्याची केली, तर थोरला पुन्हा दारात हजर!

"किती खोल घ्यायची?" रामभाऊ विचारायचे.

"त्याच्याखाली पाच हात!"

शेवटी दोन्हीकडे कोरडा काळा खडक लागला. रामभाऊ म्हणाले, "आता वाटनी सारकी झाली!"

*

दगड वर ओढायच्या यारीला लाकूड हवं होतं. काठावरचा कडुलिंब आम्हीच तोडला. दुपारी भाकरी सोडली, तर बसायला सावली नाही. यारीच्या खांबाची काठीएवढी सावली होती, तिच्यात ओळीने बसलो.

"सरका रं," रामभाऊ म्हणाले, "माझा एक पाय तरी झाकू द्या!"

*

गावच्या मास्तरांनी एकदा विचारलं, "रामभाऊ, जमिनीखालचं पाणी कुणाचं हो?"

"ज्याची पहार लांब, त्येचं!"

मास्तर हसले नाहीत. मीही हसलो नाही.

*

मग अक्काच्या शेजाऱ्यांनी, आप्पांनी, बोलावलं. मी रामभाऊंना चाचरत म्हणालो, "हे काम नको."

"आपन न्हाई केलं तर दुसरी टोळी करंल."

मी पहार घेऊन उतरलो. साठ फुटांवर झरा फुटला. पहिला तांब्या अक्काकडे मीच नेला. ती प्यायली आणि तांब्या परत दिला.

पाचव्या दिवशी तिच्या विहिरीचा तळ दिसला. मला वाटलं, शिव्या देईल. तिने एवढंच विचारलं, "आप्पांची किती खोल केली रं?"

"साठ फूट."

"मग आमची सत्तर कर."

"अक्का, तुज्या हिरीच्या खालच्या अंगाला गावाचा आड हाय. सारं गाव त्याच्यावर पितं."

"ठाव हाय मला. रोज पान्याला बाया माझ्या दारावरनंच जात्यात." तिने माझ्या ताटात भाकरी टाकली. "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या विहिरीत उतरलो आणि पहिला सुरुंग भरला.