घरचंच विमान

आमच्या समोरच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र टांगलेलं आहे. विमानाच्या नमुन्याला पहिलं बक्षीस. त्यावर नाव माझ्या नवऱ्याचं. त्यांनी त्या विमानासाठी काय केलं ते आधी सांगून टाकते. धड जोडलं, पंख चिकटवले, पातं लागून अंगठा कापून घेतला आणि त्या अंगठ्याला चिंधी बांधून आठवडाभर डेपोत मिरवले. बाकी त्या विमानात पाहण्यासारखं जे काही होतं, ते मी केलं. कागद पिवळा पडला, पण माझा राग आहे तसाच आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदा म्हणत, आणि आम्ही चांद्यापासून चांगलं आत, आलापल्लीला राहत होतो. हे जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून. क्वार्टरच्या पुढे सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, मागे जंगल. लेकरूबाळ अजून नव्हतं, त्यामुळे दिवसभर काय करून राह्यली, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला विचारून जायची. जसं काही रिकाम्या बसलेल्या बाईचा हिशेब त्यांनाच द्यायचा होता.

विमानाचा छंद यांचा. मासिकात जाहिरात पाहिली आणि मुंबईच्या दुकानातून खोकं मागवलं. आत हलक्या लाकडाचे तुकडे, एक नकाशा आणि डाकोटा विमान कसं जोडायचं त्याची चित्रं. जोडून झाल्यावर पंख हातभर लांब व्हायचे. हे दोन रविवार उकिडवे बसून जोडत होते. मग अंगठा कापला आणि छंद संपला. पण विमान पूर्ण झालं असं यांनी जाहीर केलं आणि ते फळीवर नेऊन ठेवलं.

पूर्ण कसलं बाप्पा. कवठाला दोन फळ्या ठोकल्यासारखं दिसत होतं ते. दुकानदाराने खोक्यात जे बारीकसारीक सामान दिलं होतं, ते पाहून तर माझं डोकंच फिरलं. पंखे म्हणजे पत्र्याची कापलेली चपटी फुलं. चाकं म्हणजे लाकडाच्या गुंड्या. खिडक्या कागदावर निळ्या शाईने छापलेल्या, त्या नुसत्या चिकटवायच्या. इंजिनाच्या जागी एक बूच आणि त्यावर काढलेला गोल. मुंबईत बसून माणूस असलं सामान विकतो आणि लोक ते घेतात.

कारण मी डाकोटा पाहिलं होतं. माझे मामा नागपूरला सोनेगावच्या विमानतळाजवळ राहत. लहानपणी सुट्टीत गेले की मी तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी राहायची. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा. डोक्यावरून शेपटीकडे गेलेल्या तारा. नाकाखाली पुढे आलेल्या दोन बारीक नळ्या. ते सगळं माझ्या डोळ्यांत होतं, आणि फळीवरचं हे बोडकं येता-जाता मला दिसत होतं.

एक दिवस हे डेपोत गेल्यावर मी ते खाली काढलं आणि कामाला लागले. बांबूची बारीक कांब सोलून दिव्यावर शेकली की तिला पीळ देता येतो. तशी पाती केली, तीन-तीन पात्यांचे दोन पंखे. रिठ्याच्या बिया पाट्यावर घासून चपट्या केल्या, ती चाकं. इंजिनासाठी बांबूच्या काडीचे तुकडे करून त्यांच्यावर काळा दोरा इतका जवळजवळ गुंडाळला, की खऱ्या इंजिनाला असतात तशा चकत्या दिसायला लागल्या. मग ते तुकडे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल बसवले. यांच्या मित्राने फोटो काढून बिघडवलेल्या निगेटिव्ह धुण्याच्या सोड्यात उकळल्या. त्या काचेसारख्या स्वच्छ निघाल्या, त्यांच्या खिडक्या झाल्या. नाकाखालच्या नळ्यांना साळिंदराच्या काट्याची टोकं. दिवे माझ्या वाढलेल्या बांगड्यांच्या काचांचे, लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे.

डिंकावर मात्र मी भरवसा ठेवला नाही. आलापल्लीच्या पावसाळ्यात चिकटवलेलं काही टिकत नाही, पापडसुद्धा मऊ पडतात. म्हणून प्रत्येक भागाला मागून बांबूची बारीक खुंटी केली आणि विमानात तेवढंच भोक. दाबलं की बसायचं, ओढलं की निघायचं. खिडक्या तेवढ्या चिकटवल्या, त्यांना इलाज नव्हता.

डोक्यावरच्या तारा राहिल्या होत्या. दोरा जाड दिसायचा, केस लोंबायचा. आमच्याकडे एक माडिया बाई डिंक आणि मोहफुलं घेऊन यायची. तिने कोशाचा, रानरेशमाचा धागा आणून दिला. तो ताणून बांधला आणि अगदी तारेसारखा दिसला. बाई विमानाकडे बराच वेळ पाहत होती.

"कोणं केलं?" तिने विचारलं.

"मी," म्हटलं.

तिने मान हलवली आणि डिंक मोजायला लागली. तिच्या अंबाड्यात बांबूची कोरलेली फणी होती. मी विचारलं, ही कोणी केली. तिने करणाऱ्याचं नाव पटकन सांगितलं, वर त्याचं घर कोणतं तेही सांगितलं. त्यांच्यात फणी कोणाच्याही डोक्यात असो, कोरली कोणी हे गावाला ठाऊक असतं. मला ते फार आवडलं.

यांनी विमान पाहिलं तेव्हा हे खूश झाले, नाही असं नाही. सगळीकडून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "मस्त झालं आपलं विमान." आपलं म्हणाले, मी ऐकून घेतलं.

मग एक दिवस यांचे मोठे साहेब दौऱ्यावर आले आणि आमच्याकडे चहाला बसले. विमान पाहून उठून उभेच राहिले. इंजिनातल्या चकत्या पाहिल्या, बोटाने पंखा फिरवला. "काय हात आहे हो तुमचा," यांना म्हणाले. मी दाराआड कपबशा घेऊन उभी. वाटलं, आता हे सांगतील. हे नुसते हसले आणि मान खाली घातली, नवरीसारखी. साहेब म्हणाले, चांद्याला हस्तकौशल्याचं प्रदर्शन भरतंय, तिथे पाठवा.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? बायको विमान बनवते म्हणून? हसतील ना मले."

"हसले तर हसले. केलं तर मीच ना?"

"तुझं काय अन् माझं काय, घरचंच हाय," म्हणाले आणि पान लावायला बसले.

घरचंच. हा शब्द मी त्या दिवसापासून दाढेखाली धरला. माहेरून आणलेल्या भांड्यांवर नावं कोरलेली आहेत, देणाऱ्यांची. कळशीवर मामाचं, पातेल्यावर आत्याच्या नवऱ्याचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहिलं, तेही दुसऱ्यांनी ठरवलेलं, आणि दोन मिनिटांत ते तांदूळ मोडून टाकले. माझं नाव लागावं अशी माझ्या हातची एकच वस्तू होती, आणि ती म्हणे घरचीच.

मी म्हटलं, प्रदर्शनात नाव माझं लागेल, नाहीतर विमान जाणार नाही. हे हो म्हणाले. वाद नको असला की हे लगेच हो म्हणतात.

चांद्याला सर्व्हिस मोटारीने गेलो. वैनगंगेचं पात्र रेतीतून पायी ओलांडायचं होतं. खोकं वाटभर माझ्या मांडीवर आणि रेतीत डोक्यावर. यांच्या हातात छत्री. प्रदर्शन एका शाळेत होतं. एका खोलीत पुरुषांचा विभाग, दुसऱ्या खोलीत महिलांचा. महिलांच्या विभागाची व्यवस्था एका वकिलीणबाईंकडे होती. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोलक्याऐवजी सदरा घालून आले आहे.

"अहो, इथे विणकाम, भरतकाम, लोणची-पापड. विमान पलीकडे द्या."

"पण ते मी केलंय."

"असेल. पण बायकांच्या विभागात विमान कसं ठेवायचं?"

पलीकडच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं, पुरुषांच्या विभागात बाईचं नाव घेता येत नाही. म्हणजे विमान कुठेही बसू शकत होतं, बाई कुठेच नाही. मी यांच्याकडे पाहिलं.

"माह्यंच लिहा," हे त्या माणसाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "इतक्या दूर आलो, आता काय वापस नेते? घरचंच हाय."

मी तिथल्या तिथे विमान उचलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. चारचौघांत नवऱ्याच्या हातून वस्तू ओढून घेणारी बाई तुम्ही त्या काळात पाहिली असेल, तर मला सांगा. 

थोड्या वेळाने परीक्षक आले. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे मास्तर होते, समजदार दिसत होते. त्यांनी यांना विचारलं, "डोक्यावरच्या तारांना काय वापरलंत?"

"तार," हे म्हणाले.

"कोसा हाय तो," मी मागून म्हटलं.

"आणि हे दिवे?"

"काच."

"बांगडीची," मी म्हटलं. "लाल डावीकडे असते, हिरवा उजवीकडे. खऱ्या विमानालेही तसंच असते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहून कौतुकाने म्हणाले, "घरच्यांनासुद्धा चांगली माहिती दिलेली दिसते तुम्ही." आणि हे हसले. त्या हसण्याबद्दल मी आजही यांना माफ केलेलं नाही, आणि ते यांना माहीत आहे.

दुपारी सगळे जेवायला उठले. हे मास्तरांच्या मागे मागे गेले. खोलीत राखणीला एक म्हातारा चपराशी, तो भिंतीला टेकून डुलक्या देत होता. मी विमानाजवळ गेले. पंखे ओढले, निघाले. इंजिनं निघाली, चाकं निघाली, दिवे, नळ्या, सगळं आपापल्या खुंटीसकट. कोशाचा धागा दाताने तोडला. खिडक्या नखाने खरवडल्या. सगळं माझ्या रुमालात घेतलं आणि जे उरलं ते होतं तिथेच ठेवलं, मुंबईहून आलं होतं तसं, भोकांसकट. जे विकत घेतलं ते यांचं, त्याला मी हात लावला नाही.

महिलांच्या खोलीत जाऊन एका लोणच्याच्या बरणीशेजारी मी रुमाल पसरला आणि सगळे भाग मांडले. वकिलीणबाई आल्या.

"हे काय आता?"

"माझं काम," मी म्हटलं. "विमान नाई ठेवलं. विमान पलीकडेच हाय."

त्यांनी बरणी जरा बाजूला सरकवली. रुमाल राहिला तिथेच. येणाऱ्या बायका वाकून पाहत होत्या, एकीने चाक हातात घेऊन रिठ्याची बी ओळखली.

आता तुम्हाला वाटेल की पलीकडे गोंधळ झाला असेल. काही झालं नाही. परीक्षकांनी निकाल सकाळीच लिहिला होता, प्रशस्तिपत्रावर नाव चढलं होतं, आणि खोडायचं कोणी? संध्याकाळी बोडक्या विमानाला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजल्या. यांनी पत्र घेतलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. माझ्या रुमालाला काही मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. ते एका मोरावळ्याला गेलं.

परत येताना हे रेतीत म्हणाले, "लावून दे ना वापस."

"घरचंच हाय," मी म्हटलं. "लावा तुम्ही."

त्यांनी घरी येऊन प्रशस्तिपत्र लावलं, त्याच्या खाली विमान ठेवलं. मी भाग तेलाच्या रिकाम्या डबीत घालून माझ्या पेटीत ठेवले. येणारा प्रत्येक माणूस आधी पत्र वाचायचा, मग विमानाकडे पाहायचा, मग परत पत्राकडे. पंखे कुठी गेले, असं विचारलं की हे सांगायचे, दुरुस्तीला काढले. बरेच महिने दुरुस्ती चालली. मी कधी एक शब्द बोलले नाही, आणि चहा वेळेवर दिला.

मग साहेब पुन्हा दौऱ्यावर आले. या वेळी सोबत दुसरे एक साहेब, खास विमान दाखवायला आणलेले. मी चुलीपाशी होते. साहेबांचा आवाज आला, "अहो, हे काय? पंखे, इंजिनं, काहीच नाही? परत बसवा की, तुमचंच काम आहे."

 मला वाटलं, झालं, आता पुन्हा दुरुस्ती.

"नाई साहेब," हे म्हणाले. "ते माह्यं काम नोहे. हिनं केलं होतं सगळं. हिच्याजवळ हाय."

चहा उतू गेला. मी जाऊ दिला.

"मग त्यांनाच बोलवा ना," साहेब म्हणाले. मी हात पुसले, पेटीतून डबी काढली आणि समोरच्या खोलीत गेले. साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. मी बसले. यांच्या साहेबांसमोर मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होते. एकेक भाग काढला आणि बसवत गेले, लाल दिवा डावीकडे. कशाचं आहे, कसं केलं, ते दोघे विचारत होते, आणि मी उत्तरं देत होते. हे थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले.

प्रशस्तिपत्रावरचं नाव कोणी बदललं नाही, ते आजही तेच आहे. पण त्या दिवशी चहा यांनी आणला. साखर टाकायला विसरले होते, आणि दोन्ही साहेब काही न बोलता तो प्यायले.