पाठीची पिसं

हिरामावशीची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. तिच्या काखेत कोंबडा होता आणि ती बोटांनी त्याची पाठ विंचरत होती. मी कोपऱ्यात सरकले. "घाबरतेस कशाला बाय? कोंबरा हाय, वकील नाय," ती म्हणाली. तिला वकिलांचा भारी राग. का, ते जमिनींचे खटले पाहिलेल्या पनवेलकराला सांगायला नको.

कोन गावाजवळच्या ज्या शेतात तिनं भात लावला, तिथेच आता आमची इमारत आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ती माझ्या शेजारी राहायची आणि गच्चीवर कोंबड्या पाळायची. जमीन मूळची तिची, त्यामुळे सोसायटीत कुणी तोंड उघडत नसे. कोंबड्याच्या पाठीवरून शेपटीच्या दोन्ही अंगांना उतरणारी लांब, निमुळती पिसं म्हणजे तिचा जीव की प्राण. "तुरा नि शेपटी सगलेच दावतान," ती म्हणायची, "कोंबऱ्याची जात पाठीवं कलते." माणसंही ती तशीच पारखायची. कुणाचा नवा जावई आला, तर त्याला निघताना बघायची.

गावदेवीच्या जत्रेचा मानाचा कोंबडा तिच्या घरचा, अगदी सासूच्या आधीपासून. शेतं गेली, गाव इमारतींत पांगलं, एवढा मान तेवढा उरला होता. पण एका चैत्रात गच्चीवर पत्रे टाकायचं काम निघालं. मानाच्या कोंबड्यासकट सगळ्या कोंबड्या अरुंद पिंजऱ्यात कोंडाव्या लागल्या आणि कावलेल्या कोंबड्यांनी टोचून टोचून कोंबड्याची पाठ उघडी केली. लाल, नागडी पाठ. देवीला तर अंगानं पुरा कोंबडाच लागतो. मी म्हटलं, दुसरा विकत आणू.

"इकतचा?" ती म्हणाली. "म मान कसला?"

गळलेली पिसं तिनं डब्यात जपली होती. जत्रेच्या सकाळी तिनं तांदळाची खळ शिजवली. मी चांगला घट्ट चिकटणारा गोंद दिला, तो तिनं बाजूला सारला. "त्याचं कातरं जलल ना!" मी कोंबडा धरला आणि ती एकेक पीस चिकटवत गेली. पाठ अशी देखणी झाली की आम्ही दोघी हसलो.

देवळासमोर भगतानं कोंबड्यावर पाणी शिंपडलं. ओल्या कोंबड्यानं अंग झाडलं की देवीनं तो स्वीकारला, असा तिथला रिवाज. मावशीला हे लहानपणापासून ठाऊक, पाण्यानं खळ सुटते हेही ठाऊक. पण या दोन गोष्टी तिच्या मनात एकत्र आल्याच नव्हत्या. माझ्या तर मुळीच नाहीत. कोंबड्यानं जोरात अंग झाडलं आणि पिसं लोकांच्या पायांवर पडली. एकच हशा पिकला. भगत भला माणूस, म्हणाला, "देवीनं घेतला, हिराबाय."

मावशीनं पदरानं कोंबड्याची पाठ झाकली. "नको. खोटी पाठ आनली मी तिच्यासमोर." आणि त्याला घेऊन ती चालू लागली. मी लोकांच्या चपलांमधून पिसं वेचत राहिले. शरमेनं माझी मान वर होईना.

त्यानंतर ती लिफ्टनं जाईना, कारण लिफ्टमध्ये गावातलं कुणीतरी भेटायचंच. धापा टाकत पाच मजले चढायची. कोंबड्या तिनं उरणला लेकीकडे धाडल्या. मागं एकट्या राहिलेल्या कोंबड्याची पाठ पावसाळ्यात पुन्हा भरून आली, पहिल्याहून झळझळीत. मी कौतुक केलं तर म्हणाली, "त्याची पिसां उगवली ग. माजं नाक कुठं उगवतंय?"

पुढच्या चैत्रात गावानंच निरोप धाडला, मान तुझ्याच घरचा. कोंबडा तिच्या मुलानं नेला. ती माझ्या मागं, अगदी शेवटी उभी राहिली. तिची ती शेवटची जत्रा. भगतानं पाणी शिंपडलं, कोंबड्यानं अंग झाडलं, आणि मावशीनं मागून माझा दंड धरला. वळून पाहिलं तर तिचे डोळे गच्च मिटलेले.

"पिसां परली काय ग?"

"एकही नाही, मावशी."

"मना बरं वाटावं म्हनून सांगू नको."

"डोळे उघडून बघ ना."

तिनं उघडले नाहीत. तशीच ती खाली बसली आणि पायांजवळची माती हातानं चाचपू लागली.